सात अक्षरांची जागा

मलप्रभेच्या अलीकडे, सौंदत्तीखाली,
मायोजाची शिळा अर्धी झाली.
चंद्र झाला, सूर्य झाला,
वासराला चाटणारी गाय झाली.
होन्नव्वा तेलिणीचं दानही झालं :
बसदीच्या दिव्याला रोज पळीभर तेल.

राजाचं नाव तेवढं राहिलं.

परवापर्यंत रट्टांचं होतं.
आज जकातीच्या नाक्यावर
देवगिरीचा माणूस बसलाय म्हणतात.
नाव विचारलं
की तोही जरा थांबतो.

"किती अक्षरं सोडू?"
होन्नव्वा हात पुसते पदराला :
"मला काय विचारतोस?
अंधार पडायला आला,
माझी पळी अजून भरायचीय."

त्यानं सात अक्षरांची जागा सोडली
आणि खाली शाप कोरला,
दान मोडणाऱ्याला,
मग तो कुणीही असो.

हल्ली त्या जागेवर
शेळ्या पाठ घासतात.
दगड तिथंच तेवढा गुळगुळीत.