एक कमी

आमच्याकडे प्रेसमध्ये
कागदाचा कपटासुद्धा हरवत नाही.
शीट मोजायचं, परत मोजायचं,
एकीने मोजलेलं दुसरीने तपासायचं.
एक कमी भरलं की दार उघडत नाही,
शिफ्ट संपो, बस जावो,
सगळ्याजणी वाकून टेबलांखाली.
एकोणीस वर्षं झाली, बोटं झोपेतही मोजतात
असं हे म्हणतात.

आणि घरी, जेल रोडच्या दोन खोल्यांत,
कपाटावर बुटांचं खोकं आहे, आठ नंबरचं.
त्यावर मी मार्करने लिहिलं होतं: बाळाची चिकटवही.
तेव्हा ऋजुता पोटात होती आणि मला वाटायचं
बाळंतपणाची रजा म्हणजे रिकामा वेळ.

खोकं भरत गेलं.
'बेबी ऑफ ज्योत्स्ना' लिहिलेली मनगटाची पट्टी,
जावळाची पुडी, जी आता उघडायची भीती वाटते,
पांडवलेण्याचं तिकीट (तिला कडेवर घेऊन चढलो,
उतरताना ती यांच्या खांद्यावर ओकली),
रहाडीत उडी मारून आलेल्या बापाच्या
रुमालाचा केशरी कोपरा,
आणि द्राक्षांच्या पेटीतला तो गुलाबी कागद,
ज्याला ती 'फूल' म्हणाली होती.
एक दातही. कितवा, ते लिहायचं राहिलं.

वेळ नव्हता असं मी म्हणणार नाही.
पावणेअकरा ते अकरा होता,
ओटा पुसल्यावर, मटकी भिजत घालायच्या आधी.
पण त्या पंधरा मिनिटांत मी टेकायचे
आणि टेकूनच राहायचे.

एकदा बसले खरी, कात्री घेऊन.
डिंक वाळून खडा झालेला.
पाठीला गोंद लावलेली हजारो तिकिटं
दिवसभर मोजून आले होते. हसूच आलं.
यांना म्हटलं, डिंक आणा.
यांनी फेव्हिक्विक आणलं.
माझी दोन बोटं एकमेकांना चिकटली,
खोकं पुन्हा कपाटावर.

परवा ओव्हरटाइम करून दहाला आले.
दोघं झोपलेली. खोकं जमिनीवर,
झाकण मोरीपाशी,
आणि गणिताची जुनी चौकटीची वही उघडी.
भाताची शितं लावून सगळं चिकटवलेलं,
उलटं, तिरकं, एकावर एक.
तिकिटावर जावळ,
पट्टीवर गुलाबी कागद, त्यावर मुंगी.
दात कुठेच नाही.
मी ओरडणार होते.
पण झोपलेल्या माणसावर काय ओरडणार?

पान उलटलं.

टिकल्या.
एका चौकटीत एक. मरून, मरून, मरून,
मध्येच एक खड्याची, नणंदेच्या लग्नातली.
घरी आल्यावर तोंड धुताना
आरशाच्या कडेला लावते आणि विसरते, त्या.
प्रत्येकीच्या डोक्यावर तारीख, शाळा उघडल्यापासूनची,
आणि खाली पेन्सिलीने:
आई आली. आई आली. आई आली.
घाईत लिहिलं तिथे
लीची वेलांटी शेजारच्या चौकटीत घुसलेली.

मोजल्या.
परत मोजल्या.
एक कमी.

शेवटची चौकट रिकामी होती. वर आजची तारीख.
खाली मात्र आधीच लिहून ठेवलेलं,
आई आली.

डबा खांद्यालाच होता माझ्या.
तशीच फरशीवर बसले.
आरशाची कड बघितली, पलंगाखाली हात घातला,
उशी उचलली, तिने कूस बदलली.
दार उघडणार नाही हिशेब लागल्याशिवाय,
एवढंच डोक्यात.
घाम पुसायला कपाळाला हात लावला,
तेव्हा सापडली.

काढली. चौकटीवर धरली.
पण वही तिची होती.

आरशाच्या कडेला लावली मग,
रोजच्यापेक्षा बरीच खाली,
तिचा हात पोचेल तिथे.

मटकी भिजत घालायची राहिली.