पाठ

टिमकीच्या शाळेत, खोली क्रमांक चार,
बाकं फरशीत नटबोल्टांनी आवळलेली.
प्रशिक्षणाहून परतले तेव्हा पर्समध्ये
रंगीत चिठ्ठ्या होत्या, एक प्रमाणपत्र,
आणि डोक्यात एक गोल.

सोनकुसरे पान्हा घेऊन आला.
"बाई, हे एकोणऐंशी सालचे हायेत,
फिरनार नाही."
मग खिचडीच्या डब्यातलं तेल सोडलं, जरा थांबला.
फिरले.

सव्वीस वर्षं मी ओळींना शिकवलं.
ओळीत बसलेल्या पोराला दिसते
समोरच्या पोराची पाठ.
उसवलेली शिवण, मानेवरचं घामोळं,
कॉलरखाली कुणीतरी पेनानं काढलेला विंचू.
तिच्या पुढे आणखी एक पाठ,
आणि सगळ्यांच्या शेवटी, फळ्याकडे वळलेली,
माझी.
म्हणूनच तर धड्याला पाठ म्हणत नसू आपण?

आज गोल. मधोमध वर्तमानपत्र,
त्यावर रुखसारनं कळमन्याहून आणलेली
मृगबहाराची संत्री, डागाळलेली, लिलावात न उठलेली.
पुस्तकात लिहिलंय, एका संत्र्याला दहा फोडी,
एक फोड म्हणजे एक दशांश.
मी म्हटलं, सोला.

खोलीभर सालीचा फवारा.
कुणाच्या डोळ्यात गेला,
कुणी मुद्दाम दुसऱ्याच्या डोळ्यात मारला.
नऊ. अकरा. माह्यात दहाच हायेत, बाई.
हर्षलच्या संत्र्यात बारा, शिवाय एक इवलीशी,
दोन फोडींच्या मधे चेंगरलेली.
"हिले मोजाचं का?"

मला उत्तर येत नव्हतं.
खडू खाली ठेवला, म्हटलं,
तुम्हाला काय वाटते?
अर्धा तास भांडले.
रुखसार म्हणाली, "गिऱ्हाइकाले देताना मोजाचं नाही,
पन भावाले देताना मोजाचं."

गेल्या वर्षी हाच धडा
अकरा मिनिटांत संपला होता.

पण वंश उईके बोलला नाही.
शेवटच्या बाकावर त्याची एक जागा होती,
खांबाआड. तिथून सगळं ऐकायचा,
चाचणीत वीसपैकी अठरा आणायचा.
गोलाला खांब नसतो.
हातातलं संत्रं न सोलता
नुसतं फिरवत राहिला, सगळ्यांच्या नजरेत.

आणि संध्याकाळी गोळीबार चौकात
सव्वा किलो वाटाणे घेताना
हिशेब माझ्या तोंडून आपोआप सुटला,
भाजीवाला अजून मोबाइल चाचपत होता.
डोंगरे गुरुजींची सवायकी.
मांडी घालून, डुलत, छडीच्या भीतीनं,
काही न कळता घोकलेली.
अजून अडत नाही कुठे.
गुरुजींना आम्ही कधी काही विचारलं नाही.
त्यांनीही नाही.

दुसऱ्या दिवशी सोनकुसरेला म्हटलं,
एक बाक खांबाशीच राहू दे.
"मंग गोल कसा होईन, बाई?"
नको होऊ दे पुरता.

वंश तिथं जाऊन बसला.
मधल्या सुट्टीनंतर माझ्या टेबलावर
फोडी सापडल्या, वहीच्या कागदावर
एका ओळीत लावलेल्या. अकरा.
आणि जरा लांब, एकटी,
ती इवलीशी.
खाली पेन्सिलीनं, खोडून पुन्हा लिहिलेलं:
ही कोणाची?