निवडणारी

काल रात्री चौकातल्या सभेत
नगराध्यक्षपदाला उभे आबासाहेब
माईकवर म्हणाले, माझ्या जोडीला मालन वायदंडे.
आमची मालन. बेदाण्यातल्या काड्या निवडणारी.

तासगावच्या सौद्यात आज
बेदाण्याआधी तिचाच भाव निघाला.
अडत्या म्हणाला, चाल आहे.
चहावाला म्हणाला, सही तरी येते का?
हमाल पेटीवर बसून नुसताच हसला.

आम्ही बायका गप्प.
तिच्या गोणपाटाची घडी जाळीपाशी तशीच.
अकराच्या आत मुकादमानं
नवी पोरगी आणून बसवली त्यावर.
इंदाबाई तेवढी पुटपुटली,
दोन दिवसांचा रोज राहिलाय तिचा.

दुपारी जीप गेली दारावरून.
मालन उभी, गळ्यात हार, हात वर,
आणि अंगठा बोटावर फिरतोय सारखा
काडी मोडत असल्यासारखा.