पसंतीचा रकाना

घरी, मुलाकडे, की संस्थेत?
अर्जात एकच खूण करायची आहे.

सासूबाईंना मी नऊ वर्षं पुसलं,
सातपूरच्या दोन खोल्यांत.
त्या दरवेळी डोळे मिटून घ्यायच्या.
मला वाटायचं, झोप आली.

परवा न्हाणीत पडले.
मृणाल टॉवेल घेऊन धावत आली.
मीही घट्ट मिटले डोळे.

गंगापूर रोडची खोली पाहून आले.
खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, बस.
तिथली पगारी बाई म्हणाली,
हात गरम करूनच लावते मी, आजी.
नाव विचारायचं राहिलं. बरं झालं.

मृणाल रडतेय, आमचं काय चुकलं?
अगं, काही नाही.
रविवारी येशील तेव्हा
केसांना तेल लाव.
तेवढं तुझ्याकडे.