स्पेसिमेन नंबर सात

पेपर संपला सव्वा वाजता.
मी पुरवणीला गाठच मारत होते,
सुपरवायझरनं दोऱ्यासकट ओढून घेतला.

बाहेर सायन्स फॅकल्टीच्या पायऱ्या इतक्या तापलेल्या
की कुणी बसून उत्तरं जुळवली नाहीत.
यंदा पहिल्यांदाच.
सगळे फतेगंजच्या रिक्षांतून पांगले
आणि मी स्टँडवर सायकल शोधत राहिले,
जी सकाळी घरीच ठेवली होती.

सेमिस्टर संपल्यावर काहीतरी वाटेल, असं वाटलं होतं.
भूक लागली, एवढंच.
लारीवर सेव-उसळ घेतली, तरी मुद्दाम जास्त मागितली,
डोळ्यांत पाणी आलं ते बरं झालं.
समोर जिगीषा होती,
आणि भूजची बस साडेआठची.

तिची खोली रिकामी करताना
गादीखालून निघाला माझाच एक गुजराती पेपर, फेब्रुवारीतला.
बातमी : विश्वामित्रीतली मगर कुणाच्या पार्किंगमध्ये,
पकडून परत पाण्यात सोडली.
मगरीवर दाबलेलं एक पान. आणि एक मुंगी, तीही वाळलेली.
वीस शीट मी जमा केल्या होत्या.
ही एकविसावी, फूल नाही म्हणून बाद केलेली.
लेबल कोरं.

स्पॉटिंगला दर तीस सेकंदांनी बेल वाजते.
सात नंबरवर काळी शेंग होती, हातभर लांब.
मी तिला ओळखत होते
जसं समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांना ओळखतो,
नाव कधी न विचारता.
तिसरीत असताना हिच्यानंच मी पराग कुलाबकरचा चष्मा फोडलाय.
पण कॅसियाच्या पुढे काय, ते येईना.
बहावा तर त्याहून येईना.
तो शब्द आमच्या घरात पुस्तकातून आला
आणि चपला न काढता परत गेला.
बेल व्हायच्या आत मी लिहिलं : गरमाळो.
ओकारासकट.
परीक्षकबाईंनी लाल गोल केला असेल.
किंवा हसल्या असतील. त्या आणंदच्या होत्या.

दांडिया बाजारात घरी पोचले तर
आई गच्चीवर छुंद्याच्या बरणीला मलमल बांधत होती.
कसा गेला?
गेला.
मग आता काय?
हे दहा मार्कांना असतं तर मी चार पानं भरली असती.
बाबांनी पुण्याच्या आत्याला विचारलंय, एम.एस्सी. इथे की तिथे.
आत्या म्हणाली, येऊ दे की,
पोरीचं मराठी गोड आहे, जरा बडोद्याचं आहे, इतकंच.
इतकंच.
मी पंख्याखाली आडवी झाले.
चार महिने जिच्यासाठी गजराशी भांडले
ती झोप आली नाही.

संध्याकाळी रिक्षात जिगीषा, मी, तिची ट्रंक,
माझ्या मांडीवर तिची बादली, बादलीत इस्त्री.
काळाघोड्याला सिग्नल लागला.
आणि तिथे तो.
पान जवळजवळ नाहीच, अंगभर पिवळा,
झुंबरासारखा म्हणणार नाही, सगळेच म्हणतात.
मला दिसल्या त्या शेंगा.
गेल्या वर्षीच्या, काळ्या, तशाच लोंबत,
एकही न टाकता तो यंदाचा फुललेला.
जिगीषा म्हणाली, जो, तारो सात नंबर.
मला हसू आलं ते आवरेना,
तीही हसत सुटली, बादलीत इस्त्री खडखडली,
रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं
आणि सिग्नल सुटला.

बस नऊला निघाली.
हात हलवून झाल्यावरही ती खिडकीशी दहा मिनिटं तशीच उभी होती,
आम्ही दोघी मोबाइलमध्ये बघत राहिलो.

आता रात्र. शीट काढलीय.
ठिकाण : बडोदे.
तारीख : आजची टाकते, पान फेब्रुवारीचं असलं तरी.
गोळा करणाराचं नाव : लिहिलं, अक्षर बरं आलंय.
स्थानिक नाव : गरमाळो बहावा,
मधे रेघ नाही, कंस नाही.
कुळ :
उद्या बघू.
सुट्टी लागलीय.