ओल

चौदा वर्षं मी प्रयोग शिकवले,
कर्तरी, कर्मणी, भावे,
एका विनाअनुदानित शाळेत.
पगार तिथं कायम भावे प्रयोगात असायचा:
ना कर्त्याला जुमानायचा, ना कर्माला.

मग नववी-ब चा पट अकरावर आला
आणि मी गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत
'प्रशिक्षण व विकास' अशी पाटी असलेल्या खोलीत
येऊन बसले.
'विकास'चा एक कोपरा सुटला होता,
डिंक कमी पडला असावा.

मगदूम साहेब म्हणाले, सोपं आहे हो मॅडम,
पोरंच ती, नुसती वयानं मोठी.

पहिल्या दिवशी बत्तीस जण.
सवयीनं म्हणाले, "खाली बसा."
ते बसलेलेच होते.
हजेरी घेतली, तर "हजर" म्हणताना
पन्नाशीतल्या एका माणसाचा आवाज
सातवीतल्यासारखा फुटला.
स्लाइडवर एक हसरा हातमोजा होता.
समोर बाकांवर हात होते,
कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग,
जणू कुणी पूर्णविराम देतच सुटलंय
आणि वाक्य कुठंच नाही.

अठ्ठाविसाव्या स्लाइडला दोघं झोपले.
शाळेत मी खडू मारला असता.
रात्रपाळी करून आलेल्या माणसाला
काय फेकून मारायचं?

शेवटी अभिप्रायाचा कागद, त्यावर पाच चेहरे,
रडक्यापासून हसऱ्यापर्यंत.
सगळ्यांनी चौथ्यावर खूण केली.
'सूचना' या रकान्यात एकानंच लिहिलं:
पंखा.

बाबालाल नदाफ दारात थांबले होते.
मार्चला रिटायर होणारे, मोल्डिंगला एकतीस वर्षं.
"मॅडम, वाळू कवा हातात घेतलीसा?"

काळी वाळू. थंड. वाटली त्याहून जड.
"दाबा. आता उघडा."
तळहातावर माझीच बोटं उमटलेली.
"मोडा मधनं. कडंला धार ऱ्हायली? मग वल बरोबर.
इस्कटली तर कमी, चिकाटली तर जास्त.
जास्त वल म्हंजे आत वाफ,
वाफ म्हंजे लोखंडात भोक.
वरनं दिसत न्हाई ते.
गिऱ्हाइकाच्या गाडीत दिसतं."

मला नववी-ब आठवली.
आणि त्याआधीच्या सगळ्या.
कितीदा मी मूठ न उघडताच
ओतत गेले.

रात्री लिहायला बसले:
मुठीत घ्या. दाबा. उघडा. मोडा.
चार आज्ञार्थ, व्याकरण चोख.
दुसऱ्या दिवशी सुखदेव ओरांव, झारखंडचा,
नुकतीच मिसरूड फुटलेला,
त्यानं विचारलं, "मॅडम, कितना दबाना?"
कागदावर ते नव्हतं.
बाबालालनी त्याची मूठ आपल्या मुठीत घेतली.
"ल्हान भावाचा हात धरून
हायवे वलांडतोस न्हवं? तेवढं."
पोराला मराठी कितपत कळत होतं, कुणास ठाऊक.
मूठ कळली.

आता दर मंगळवारी वर्ग वाळूच्या ढिगाशी भरतो.
प्रोजेक्टरवर धूळ आहे.
मगदूम साहेबांना महिन्याचा तक्ता लागतो,
तो मी भरते. विषय: ओल. तास: दोन.
शिकवणारे: बा. म. नदाफ.
'परिणाम' हा रकाना मोकळा सोडते,
ते लाल पेनानं गोल करून परत पाठवतात,
मी परत मोकळा सोडते.
किती दिवस चालेल हे, सांगता येत नाही.

सात तारखेला मोबाइल वाजला:
पगार जमा झाला.
कर्तरी प्रयोग. कर्ता: पगार.
केएमटीच्या बसमध्ये मी ते दोनदा वाचलं,
आणि शाळेचा स्टॉप आला तेव्हा
उगाच पर्स चाचपली.

घरी भाकरीचं पीठ मळताना
नखांतली काळी रेघ पाहून लेक म्हणाली, "शी."
मी गोळा मुठीत घेतला.
दाबला, उघडला, मोडला.
धार राहिली नाही.
पाणी जरा जास्त झालं होतं.