वाऱ्यासाठी बांधलेला दोर

चिठ्ठी फार्मसीतल्या मिर्ताने लिहून दिली होती,
खोकल्याच्या औषधाच्या बिलामागे:
मंगळवार, रात्री आठ. निळ्या पत्र्याचं घर, मागचं दार.
खोकला मला नव्हताच.
ते औषध मी कशासाठी न्यायचो, तिला ठाऊक होतं.
त्या दिवशी तिने बाटली दिली नाही, चिठ्ठी दिली
आणि पुढच्या गिऱ्हाईकाला हाक मारली.

अकरा मंगळवार ती खिशात राहिली.
एकदा कोटासोबत धुतली गेली,
आठचा आकडा विरघळून काहीही वाचावा असा झाला,
आणि मला केवढं हायसं वाटलं:
आता वेळच नक्की माहीत नाही!

बाराव्या मंगळवारी निघालो.
का, ते विचारू नका. यास्नाचा वाढदिवस नव्हता,
कुणी मेलं नव्हतं.
घरातला साबण संपला होता.

पुंता अरेनासमध्ये निळ्या पत्र्याची घरं किती,
ते अंधारात एकेकाचं मागचं दार ठोठावल्यावरच कळतं.
तिसऱ्या दारामागे नाचाचा वर्ग निघाला.
हातात रुमाल घेतलेल्या म्हाताऱ्या जोड्या थबकल्या,
एकीने तर मला जोडीदार समजून हात पुढे केला.
"ती माणसं होय? त्यांनी जागा बदलली,"
मास्तर म्हणाले, आवाज जराही न उतरवता.
"ओब्दुलिओच्या बारपर्यंत सरळ खाली जा,
तिथून डावीकडे, वाईनच्या जुन्या गुदामावरून,
मग तो कोपरा, जिथे खलाशी भांडतात..."
कळलं, मी म्हणालो.
या शहरात न पिण्याच्या जागेचा पत्तासुद्धा
पिण्याच्या जागांवरूनच सांगतात,
आणि तो मला तोंडपाठ.

ओब्दुलिओच्या दारातून पिवळा उजेड, तळलेल्या माशाचा वास.
थांबलो नाही, असं लिहिणार होतो.
थांबलो. वाकून बुटाची नाडी बांधली,
जी सुटलेली नव्हती.

पुढच्या चौकात वारा.
सामुद्रधुनीवरून येतो तेव्हा तो माणूस बघत नाही, वजन बघतो.
अशा दिवसांत इथे खांबाखांबांना दोर बांधतात,
चालणाऱ्यांनी धरावा म्हणून.
एकवीस वर्षं मी फेरीबोटीवरून दोर फेकला,
शेवटचा पडला पाण्यात,
आणि बोट, चाळीस मेंढ्या, एक लग्नाचं वऱ्हाड
धक्क्यावर आदळलं.
त्यानंतर दोराला हात लावला नव्हता.
आज लावला. ओला, खरखरीत. त्याने काही विचारलं नाही.

दोर हलला. पलीकडे कुणीतरी धरला होता.
एक बाई, हातात मोजे नाहीत, बाहीला बेकरीचं पीठ.
"कुठे निघालात?" वाऱ्यात मी ओरडलो.
"अंडी आणायला!"
"मी साबण!"
सगळी दुकानं बंद.
त्या दारावरून आम्ही दोघं पुढे गेलो,
एकमेकांकडे न बघता.
एक खांब. दुसरा खांब. तिथे दोर संपला,
पुढे नुसतं काळं पाणी आणि दूर एका जहाजाचा दिवा.
ती वळली, मग मी वळलो.
ती म्हणते, आधी मी.
यावर आमचं अजून एकमत नाही.

आत सात खुर्च्या, शेगडीवर किटली,
भिंतीवर अग्निशमन दलाचं दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.
नाव कुणी विचारलं नाही.
एक जाडा माणूस एवढंच म्हणाला, "साखर किती?"
तीन, मी म्हणालो,
आणि कप दोन्ही हातांनी धरला
तरी बशीत चहा सांडलाच.
त्यांनी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.
जाड्याने बशी उचलली, सांडलेला चहा परत कपात ओतला,
आणि कप माझ्याकडे सरकवला.